मुंबईत स्टॉक नाही

हे मी आजवर कुणापुढेच बोललेले नाही. आईपुढे नाही, बहिणीपुढेही नाही. एकदा डायरीत इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. अर्ध्या पानातच ते इतकं समजूतदार वाटायला लागलं, की मी पान फाडून टाकलं. इंग्रजीत मला स्वतःला सांभाळून घेता येतं. मराठीत मी अडखळते, म्हणून मराठीत सांगते.

गोष्ट एका कॅमेऱ्याची आहे. म्हणजे — कॅमेऱ्याची नाही, रंजनाची आहे. पण सुरुवात कॅमेऱ्यापासून केली की सोपं जातं. बघा, अजूनही मी सोपं काय तेच आधी शोधते.

आधी एक सांगायला हवं, नाहीतर माझं खोटं इतकं सहज कसं खपलं ते कळणार नाही. बाबा साताऱ्याकडून बोईसरला फिटर म्हणून आले. त्यांनी मला हट्टानं इंग्लिश मीडियममध्ये घातलं. त्यामुळे आमच्या घरात इंग्रजी छापलेलं जे काही येई ते माझ्या हातात येई. विम्याचा कागद, औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची चिठ्ठी, वॉशिंग मशीनचं पुस्तक, सगळं. हळूहळू बिल्डिंगमधलेही आणून द्यायला लागले. मेघनाला दाखवा, म्हणायचे. मी वाचायचे, दोन वाक्यांत सांगायचे, आणि विषय संपायचा. मी बरोबर वाचलं का, हे कुणी कधी तपासलं नाही. मी फारशी बोलत नाही, चारचौघांत मान खाली असते — पण या एका बाबतीत माझा शब्द शेवटचा असायचा. ते मला आवडायचं. आवडायचं हेही मी आधी कुणाला सांगितलं नव्हतं.

रंजना मला कंपनीच्या बसमध्ये भेटली. मी तारापूर एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कारखान्यात कागदपत्रांच्या विभागात होते, ती तिथेच पॅकिंगला, कॉन्ट्रॅक्टवर. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना दर काही महिन्यांनी ब्रेक देतात — म्हणजे घरी बसवतात, आणि मग पुन्हा नव्यानं घेतात, किंवा घेत नाहीत. रंजना जवळच्याच पाम गावची. बारावी झालेली, माझ्याहून वर्षानं मोठी. ती बसमध्ये चढली की ड्रायव्हरपासून शेवटच्या सीटपर्यंत सगळ्यांशी बोलत बोलत माझ्यापर्यंत यायची. माझ्याशेजारीच का बसायची, कुणास ठाऊक. मी काही बोलायचे नाही म्हणून असेल.

माझ्याकडे तेव्हा मामाचा एक जुना कॅमेरा होता. सुट्टीच्या दिवशी मी फोटो काढायचे — खाडीतला गाळ, वाळत घातलेली जाळी, कुणाच्या तरी ओटीवरच्या चपला. रंजनाला मोबाइलवर दाखवले तेव्हा तिनं सगळे बारकाईनं पाहिले आणि म्हणाली, तुझ्या फोटोत माणसं सगळी पाठमोरी कशी गं, तुझ्यावर रुसलीत काय? मी हसले. तीही हसली. पण फोटो चांगले आहेत हे तिनंच पहिल्यांदा म्हटलं. आणि कल्पनाही तिचीच.

तिच्या नात्यातल्या एका लग्नात हळदीला नाचणाऱ्या बायकांचे व्हिडिओ फोटोग्राफरच्या पोरांनी कुणाकुणाला पाठवले होते. ओल्या साड्या, हळदीनं माखलेल्या, बेभान नाचणाऱ्या बायका — आणि ते भलत्याच लोकांच्या स्टेटसवर. तेव्हापासून त्यांच्याकडच्या बायका म्हणत होत्या, हळदीला बाईच हवी कॅमेरावाली. रंजनानं ते पकडलं. तू फोटो काढ, ती म्हणाली, माणसं मी सांभाळते. कुणाला कुठे उभं करायचं, कुणाला हसवायचं, कुणाच्या आत्याला पुढे आणायचं, ते सगळं माझ्यावर सोड. फक्त कॅमेरा नवा हवा, भारी हवा, अंधुक मांडवातही नीट दिसेल असा. निम्मे तिचे, निम्मे माझे. कोणता, कुठून आणि कधी घ्यायचा — ते माझ्याकडे. का? कारण ते सगळं इंग्रजीत होतं.

पावसाळाभर मी वाचत होते. खरंच वाचत होते, ते खोटं नव्हतं. एक मॉडेल ठरलं. मग वाचलं की त्याचं नवं मॉडेल येणार आहे, मग जुन्याची किंमत उतरेल. मग सेन्सर, मग लेन्स, मग सेलच्या तारखा. बोईसरला स्टेशनजवळ एक स्टुडिओवाले काका आहेत. ते म्हणाले होते, आठ दिवसांत मागवून देतो. मी रंजनाला सांगितलं, त्यांच्याकडे बाहेरून आलेला पीस येईल, इंडिया वॉरंटी नसेल. ऑनलाइन? दिवसा आमच्या घरी कुणी नसतं, आणि खोक्यात साबणाची वडी निघाल्याचे व्हिडिओ मीच तिला दाखवले. मुंबईला फोर्टमध्ये मोठी दुकानं आहेत, तिथे जाऊ — पण आत्ता नको, दसऱ्याला. यातलं प्रत्येक वाक्य वेगळं वेगळं घेतलं तर खरं होतं. सगळी मिळून काय होती? तेव्हा मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायचा मोह होतो आहे. थोडं ठाऊक होतं.

गणपतीत रंजनाला एक बोलावणं आलं. दुसऱ्या कंपनीत, प्रयोगशाळेत हेल्पर — काचेची भांडी धुवायची, नोंदी ठेवायच्या. सहा महिन्यांनी परमनंट. बोईसर-तारापूरला राहणाऱ्याला परमनंट या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. पण पहिले सहा महिने एकही रजा नाही, आणि ते सहा महिने म्हणजे सगळा लग्नाचा हंगाम. दोन्ही जमणार नव्हतं. तुळशीच्या लग्नानंतर केळव्याला तिच्या मामेबहिणीची, प्रणालीची हळद होती. आमची पहिली ऑर्डर तीच. तिच्यावरून पुढच्या चार बायकांनी विचारून ठेवलं होतं.

ती माझ्या घरी आली. आईनं दिलेला मोदक हातात धरून, न खाता, तिनं विचारलं —

"मेघू, कॅमेरा नक्की कधी येल, ते सांग. खात्रीनं सांग. मंग मी त्यांना नाय म्हणून कळवते."

मी काय म्हणायला हवं होतं? एवढंच की, रंजना, नोकरी घे. किंवा, मला भीती वाटते. दोन-तीनच शब्द होते. मी म्हटलं, "दसऱ्याला. नक्की."

तिनं मोदक खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी नोकरीला नाही म्हणून कळवलं.

पुढच्याच रविवारी मी पामला तिच्या घरी गेले होते. तिची आई कोलंबी सोलत बसली होती. वर न बघता मला म्हणाली, "पोरीनं परमनंट सोडली. तुज्यावर भरोसा ठेवून सोडली हाय, बाय." तिनं दटावलं नाही, साधं सांगितलं. मी मान डोलावली आणि तिच्याबरोबर कोलंबी सोलायला बसले. मला सोलता येत नव्हती, तरी.

दसऱ्याला मी म्हटलं, दिवाळीला आणखी उतरेल. रंजनानं एकदाच विचारलं, लागलंच तर भाड्यानं मिळतो का गं? मी म्हटलं, अनोळखी माणसाला देत नाहीत, डिपॉझिट फार असतं. तेही मी कुठे विचारलं नव्हतं.

भाऊबीजेनंतरच्या शनिवारी मी एकटी मुंबईला गेले. रंजनाची शिफ्ट होती. तिनं तिच्या वाट्याचे पैसे आधीच माझ्या खात्यात टाकले होते.

आता ते सांगते. म्हणजे — सांगायलाच हवं, इथवर आलेच आहे.

दुकानात कॅमेरा होता.

एक नाही, तीन होते. काउंटरवरच्या पन्नाशीच्या माणसानं नाव ऐकताच मागे वळून खोकं काढलं. सील फोडलेला एक दाखवायचा पीस होता, त्याला लेन्स लावून माझ्या हातात दिला. तो हाताला इतका नेमका बसला, की मला वाटलं सगळं ठीक होईल. मी काचेच्या कपाटावर रोखला, छतावरच्या दिव्यावर रोखला. मग त्या माणसानं शर्टाची कॉलर नीट केली, केसांवरून हात फिरवला, आणि हसून म्हणाला, "मॅडम, मेरा एक निकाल के देखो."

आणि उभा राहिला. माझ्याकडे बघत.

मी डोळा लावला. त्याचा चेहरा एकदम जवळ आला — भुवईत एक जुना व्रण होता, दाढी करताना हनुवटीखाली राहिलेले चार केस. तो वाट बघत होता. मी काहीतरी म्हणेन याची — जरा इकडे, हसा, मान वर. शेजारचं गिऱ्हाईकही बघायला लागलं. बटणावर बोट होतं आणि ते दाबता येत नव्हतं. त्याचं हसू हळूहळू थिजत गेलं, तरी बिचारा तसाच उभा होता. मला त्याच्या जागी हळदीतल्या बायका दिसल्या, चाळीस-पन्नास जणी, सगळ्या माझ्याकडे तोंड करून, सगळ्या वाट बघत. रंजना शेजारी असणार होती. बोलायचं काम तिनं घेतलंच होतं. मला फक्त समोर बघायचं होतं, आणि तेवढंही होत नव्हतं.

मी कॅमेरा काउंटरवर ठेवला. आय विल थिंक अबाउट इट, म्हटलं, आणि बाहेर पडले. अकराचा सुमार होता. आणखी कितीतरी दुकानं उघडी होती, कितीतरी वेळ होता. मी चर्चगेट स्टेशनवर एका बाकावर बसून राहिले. चार तास. का, माहीत आहे? लगेच परतले असते तर शोधल्यासारखं वाटलं नसतं. उशीर व्हायला हवा होता. किती दुकानं फिरले म्हणायचं, कोण काय म्हणालं, नवा लॉट कधी येणार — सगळं मी त्या बाकावर बसून बेतलं. भित्रेपणा अंगात असतो, त्याला मी काय करू — असं एखादे वेळी म्हणता येईल. पण ते चार तास? ते मी डोकं शांत ठेवून वापरले.

बोईसरला उतरले तेव्हा ऊन कलत होतं. रंजना शिफ्ट सुटल्यावर घरी न जाता प्लॅटफॉर्मवर उभी होती. हातात पिशवी, पिशवीत हळद-कुंकवाची डबी आणि केळव्याच्या तिच्या मामाच्या वाडीतून मुद्दाम आणलेला नारळ. कॅमेरा घरी नेण्याआधी त्याच्यापुढे फोडायचा म्हणून. नवी वस्तू आपण अशीच आणतो ना. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. मग खांद्याकडे. मग पुन्हा हातांकडे.

"मुंबईत स्टॉक नाही," मी म्हटलं. "पाच दुकानं फिरले. पुढच्या महिन्यात येईल म्हणतात."

मग तिनं पिशवीत बघितलं आणि हसली. "मंग याची चटणी करू. तू जेवलीस काय दिवसभरात? तोंड बघ कसं झालंय."

माझा चेहरा दमल्यासारखा दिसत होता. खरंच दमले होते मी. तिनं स्टेशनबाहेर मला उसाचा रस पाजला.

केळव्याची हळद तीन आठवड्यांनी झाली. मामाकडच्यांनी ऐनवेळी पालघरचा फोटोग्राफर बोलावला. तो आणि त्याची दोन पोरं. मी जायला नको होतं, पण रंजना न्यायला आली. अंगणात मांडव, सुपारीच्या झाडांना लावलेल्या माळा, मोठ्यानं गाणी. बायका हळद लावून झाली की पदर सावरून लगेच ओटीवर जाऊन बसत होत्या. प्रणालीच्या काकीनं महिनाभर घरात नाचाची तयारी केली होती म्हणे. ती खांबाला टेकून बसून राहिली, टाळ्या वाजवत. कॅमेरा तिच्याकडे वळला की टाळ्याही थांबायच्या.

आणि रंजना एकेकीला सांगत फिरत होती, मुंबईत स्टॉक नाय, काय करणार. माझंच वाक्य, माझ्याच शब्दांत, पन्नास वेळा. एका आजीबाईनं सरळ विचारलं, "अख्ख्या मुंबईत एक कॅमेरा नाय? कोनाला येड्यात काढतंय कोन?" रंजनाचा आवाज चढला. मी तिला कुणावर चिडलेलं आधी पाहिलं नव्हतं.

"ती इंग्लिशमधून सगळं वाचते, आजी. तिला ठाव हाय. उन्हातान्हात पाच दुकानं फिरली ती आमच्यासाठी."

आजीनं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. तिला कळलं होतं असं मला आजही वाटतं. मी खाली बघत हातावरची हळद चोळत राहिले.

ज्या चार जणींनी विचारून ठेवलं होतं, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पुढच्या महिन्यात मी म्हटलं, आता नको, मला जमेल असं वाटत नाही, ऑफिसात काम वाढलंय. रंजनाचे पैसे मी त्याच दिवशी परत केले, आणि खरं सांगू का, त्या दिवशी मला फार हलकं वाटलं. जणू तेवढंच देणं लागत होते. ती त्या दुसऱ्या कंपनीत विचारायला गेली होती. जागा भरली होती. आमच्याकडे तिला ब्रेक मिळाला तो कायमचाच. आता ती कुंभवलीच्या बाजूला एका कारखान्यात पॅकिंगलाच आहे — कॉन्ट्रॅक्टवर. आठ तास उभं राहून काम. तिच्या पायांना सूज येते, ती फोनवर सांगते, हसत सांगते. परमनंट सोडल्याचं ती कधी काढत नाही. तिची आई मात्र, मी गेले की, आतूनच विचारते, कोन आलंय? आणि मग बाहेर येत नाही.

मी तो कॅमेरा गेल्या वर्षी घेतला. त्याच दुकानातून, तेच मॉडेल. नवं आल्यामुळे जुन्याची किंमत खरंच उतरली होती. दहा मिनिटं लागली. कपाटात ओढण्यांच्या खाली ठेवते आणि रविवारी सकाळी कापडी पिशवीतून नेते. बगळे काढते, सुरूची झाडं काढते, ओहोटीची वाळू. फोटो चांगले येतात. कुणाला दाखवत नाही.

दोन महिन्यांपूर्वी केळव्याच्या किनाऱ्यावर मागून माझ्या नावाची हाक आली. रंजना मामाकडे आली होती. कॅमेरा माझ्या गळ्यात होता, पिशवीत टाकायलाही वेळ मिळाला नाही. तिनं तो बघितला आणि तिचं तोंड इतकं उजळलं — घेतलास? कधी? मला बोलली नायस?

"ऑफिसचा आहे," मी म्हटलं.

तिनं लगेच मान हलवली. ऑफिसचा, बरोबर. मग तिनं चपला बाजूला काढल्या, ओढणी झटकून नीट घेतली, वाऱ्यानं तोंडावर येणारे केस कानामागे खोचले आणि समुद्राकडे पाठ करून उभी राहिली. माझा काढ ना एक, म्हणाली. कंपनीच्या आयकार्डवर कसला घाण फोटो हाय माझा.

ती उभी होती, माझ्याकडे बघत. मी कॅमेरा उचललाही.

"बॅटरी संपलीये गं."

बॅटरी भरलेली होती. घरून निघताना मीच लावली होती.

राहू दे मंग, ती म्हणाली. माझ्याजवळ आली, माझ्या खांद्यावर हात टाकला, आणि तिच्या मोबाइलवर आमचा दोघींचा फोटो काढला. त्याच संध्याकाळी तिनं तो मला पाठवला. ती हसते आहे. मी फ्रेमच्या बाहेर कुठेतरी बघते आहे.

मी उत्तर म्हणून अंगठा पाठवला.